बडोदा: राजाचं पाणी, सोसायटीची मीटिंग आणि कमाटीबाग

जानेवारीत, उत्तरायणाच्या आधीच्या आठवड्यात, आईला घेऊन बडोद्याला जाऊन आले. मावशी लग्न होऊन दांडिया बाजारात गेली ती तिथलीच झाली, काकांचं घराणं तर गायकवाडांच्या काळातच तिकडे गेलेलं, त्यामुळे घरात मराठी, दारात गुजराती आणि बोलता बोलता दोन्ही एकत्र. मी शाळेत नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. लोकशाहीचा धडा दर वर्षी येतो, मुलं व्याख्या पाठ करतात, मार्क मिळवतात आणि पुढचा धडा सुरू होतो. पण साध्या माणसांना बसवून विचारलं की तुमच्या मते लोकशाही म्हणजे काय, तर उत्तरं किती लांब लांब जातात ते मला या वेळी ऐकायला मिळालं, आणि ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला घेतलं. फिरण्याची माहिती पण आहे मध्ये मध्ये, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल.

शुक्रवार

नाशिकहून रात्रीची स्लीपर बस घेतली, घाटात थंडी मरणाची वाजते, चादर जवळ ठेवा, बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी पोचलो तर काका स्टॅंडवर घ्यायला हजर, वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोक्यात कानटोपी, आणि पहिलं वाक्य काय, "बेटा, आधी सेव उसळ, मग घर."

बडोद्याची सेव उसळ ही आपल्या मिसळीची बहीण समजून खाऊ नका, निराशा होईल. पांढरे वाटाणे, पातळ रस्सा, वरून जाड सेव, लाल तरी वेगळ्या भांड्यात ठेवलेली, आपल्या हाताने घ्यायची, आणि थंडीत हिरव्या लसणाची पात बारीक चिरून वर टाकतात ती खरी गंमत. पाव मागाल तितका गरम येतो. सकाळी लवकर जा, दहानंतर उभं राहायला जागा नसते.

घरी आल्यावर मावशी म्हणाली आंघोळी उरकून घ्या, नळ जायची वेळ झाली. आणि तिथून काकांचा आवडता विषय निघाला. "हे पाणी कुठलं माहितीय का? आजव्याचं. सयाजीरावांनी 1890 च्या दशकात तलाव बांधला, शहर किती पटीने वाढलं, अजून त्याचं पाणी येतंय. तेव्हा कुणी मत दिलं होतं का त्यांना? नाही ने? पण पाणी दिलं. शाळा दिल्या. मी तर म्हणतो खरी लोकशाही तेव्हा होती."

मी हसून सोडून देणार होते, पण काका चेष्टेत बोलत नव्हते. त्यांच्या मनात लोकशाही म्हणजे प्रजेच्या गरजा ज्याला आधी कळतात तो राज्यकर्ता. मत, पक्ष, निवडणूक हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. आणि सयाजीरावांचं पारडं इतकं जड आहे की वाद घालायला पटकन तोंड उघडत नाही. 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, मुलाला शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला दंड. गोखल्यांनी 1911 मध्ये असंच विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण समोर होतं, आणि ते विधेयक फेटाळलं गेलं. म्हणजे इंग्रज सरकारने आपल्या मुलखात जे होऊ दिलं नाही ते इथे आधीच चालू होतं. शिवाय सयाजीराव मूळचे आमच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ, बाराव्या वर्षी दत्तक गेला आणि गादीवर बसला, त्यामुळे नाशिककर म्हणून मलाही त्यांचा अभिमान आहेच.

तरी मी काकांना विचारलं, सयाजीरावांच्या आधी गादीवर कोण होतं? काका जरा थांबले. मल्हारराव. त्यांच्या कारभाराला लोक किती त्रासले होते हे बडोद्यात आजही घराघरात सांगतात. इंग्रज रेसिडेंटवर, म्हणजे दरबारात बसवलेल्या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यावर, विषप्रयोग केल्याचा आरोप झाला, चौकशी कमिशन बसलं, त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद, त्यांची मतं फुटली, तरीही 1875 मध्ये कलकत्त्याच्या सरकारने त्यांना गादीवरून काढलं. म्हटलं काका, मल्हारराव वाईट होते तेव्हा प्रजेच्या हातात काय होतं? काहीच नव्हतं. काढणारे तिसरेच, आणणारेही तिसरेच. चांगला राजा मिळाला हे बडोद्याचं नशीब, पण तो चांगला निघाला नसता तर तुमच्या आजोबांनी कुणाचं दार वाजवलं असतं?

काका म्हणाले, "दार तर आताही वाजवतो मी, उघडतं कोण?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मावशीने ताटं घेतली आणि विषय तिथेच राहिला.

दुपारी लक्ष्मी विलास पॅलेस. ऑडिओ गाइड घ्याच, मराठीची चौकशी खिडकीवर करा. दरबार हॉलमधल्या रंगीत काचा दुपारच्या उन्हात बघायला हव्यात. आवारातल्या फत्तेसिंग म्युझियममध्ये रवि वर्म्याची मूळ चित्रं आहेत, त्याला निवांत दीड-दोन तास ठेवा. आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी पॅलेस बंद असतो.

शनिवार

सकाळी सेंट्रल लायब्ररी. टुरिस्ट लोक इकडे फारसे फिरकत नाहीत, पण मला विचाराल तर पॅलेसपेक्षा ही जागा बघा. सयाजीराव अमेरिकेत गेले, तिथली वाचनालयं पाहिली आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. पुस्तकांच्या मजल्यांना लोखंडी सांगाडा आणि जाड काचेच्या फरशा, म्हणजे वरून येणारा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. त्या काचेवर पाय ठेवताना आईने माझा हात घट्ट धरला होता, खाली कुणीतरी चालताना त्याची सावली हलताना दिसते. आत जायचं असेल तर काउंटरवर नीट विनंती करा, आम्हाला एका कर्मचाऱ्याने फार प्रेमाने फिरवून दाखवलं.

पण मला जास्त आवडली ती खेड्यांची योजना. गावात वाचनालय हवं असेल तर गावाने वर्गणी काढायची, तितकीच रक्कम प्रांत पंचायत घालणार आणि तितकीच सरकार. शिवाय लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. यात मला काकांच्या 'राजाने दिलं' पेक्षा वेगळं काहीतरी दिसलं. तिसरा हिस्सा गावाचा आहे म्हणजे गावाला एकत्र बसावं लागणार, कोण किती देणार यावरून वाजणार, मग पुस्तकं कुठली मागवायची यावरून परत वाजणार. राजाने दिलेल्या पाण्याला असं बसावं लागत नाही, नळ सोडला की येतं. सयाजीरावांनी धारासभा म्हणजे कायदेमंडळही काढलं होतं पण शेवटचा शब्द त्यांचाच, म्हणून तर पुढे प्रजामंडळाने, म्हणजे संस्थानातल्या लोकांच्या संघटनेने, लोकांना जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली, आणि 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पण त्या मंडळात उभी राहिलेली माणसं वाचायला कुठे शिकली होती, तर बरीचशी याच शाळांत आणि याच वाचनालयांत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. राजाने स्वतःला प्रश्न विचारणारी माणसं स्वतःच्या तिजोरीतून तयार केली. यासाठी मी सयाजीरावांपुढे कायम हात जोडेन, मग काकांशी कितीही वाद होवो.

तिथून मांडवीपर्यंत चालत गेलो, बाजारात पतंगांचे ढीग, मांजा रंगवणारे रस्त्याच्या कडेला चरक्या फिरवत बसलेले, गुलाबी रंगाने हात कोपरापर्यंत माखलेले. लिलो चेवडो इथेच घ्या, बटाट्याचा आणि चणाडाळीचा ओलसर गोड-तिखट चिवडा, दोन-तीन दिवसांत संपवायचा, लांबच्या प्रवासाला कोरडा वेगळा मिळतो तो बांधून घ्या. या दिवसांत गाडी घेऊन मांडवीत शिरूच नका. टू-व्हीलर चालवणार असाल तर गळ्याला जाड मफलर हवाच, मांज्याने दर वर्षी माणसं कापली जातात, तिकडे गाड्यांच्या पुढे तारेची कमान लावून घेतात लोक.

संध्याकाळी मावशीच्या सोसायटीची मीटिंग होती, जुना वाडा पाडून बांधलेली बिल्डिंग, खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मावशी म्हणाली चल, बस माझ्याजवळ. निम्मे मराठी, निम्मे गुजराती, एक-दोन सिंधी घरं. उत्तरायणाला गच्चीवर स्पीकर किती वाजेपर्यंत, उंधियो बाहेरून मागवायचा की घरी करायचा, यावर मस्त अर्धा तास गेला. मग सेक्रेटरींनी कागद काढला. ठराव असा की यापुढे फ्लॅट भाड्याने द्यायचा तर फक्त फॅमिलीला, विद्यार्थी नाही, एकटे नोकरदार नाही, आणि 'आपल्याला चालतील असे' लोक. याचा अर्थ काय ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तळमजल्यावर एक काकू राहतात, मिस्टर वारले, मुलगा परदेशात, त्यांना पुढची खोली नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुलींना द्यायची होती. मावशीने मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी त्यांच्या मागच्याच खुर्चीवर होते. सेक्रेटरी वाचत होते तेव्हा त्या हातातल्या परिपत्रकाचा कोपरा दुमडत होत्या, उलगडत होत्या, परत दुमडत होत्या. "कुणाला काही बोलायचंय? नाही ने? बरोबर ने? मग हात वर करा." हात वर गेले. दोन-तीन जणांनी मागे वळून काकूंकडे बघितलं. मग त्यांचाही हात वर गेला, खांद्यापर्यंतच, आणि लगेच खाली आला. वहीत लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर.

आणि सेक्रेटरी काही वाईट माणूस नाही हो, आजारी माणसाला रात्री दोनला हॉस्पिटलमध्ये नेणारा गृहस्थ आहे. त्याला मनापासून वाटत होतं की आपण अगदी लोकशाही पद्धतीने निर्णय घेतला. मीटिंग बोलावली, विषय वाचला, विचारलं, हात मोजले. अजून काय करायचं?

मला रात्री झोप लागली नाही नीट.

रविवार

मावसबहीण, म्हणजे ताई, राज्यशास्त्राची प्राध्यापक. तिने गाडी काढली, चांपानेरला जाऊन येऊ म्हणाली, बरोबर तिच्या ओळखीचा टांझानियाचा एक विद्यार्थी, सरकारी स्कॉलरशिपवर बडोद्यात पीएचडी करतोय. हिंदी तोडकंमोडकं, पण गुजराती चहावाल्याशी घासाघीस करण्याइतकं गुजराती पक्कं. आईला तो 'मम्मी' म्हणायला लागला आणि आई खूश.

चांपानेरबद्दल थोडक्यात. 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, जामी मशिदीचं दगडी कोरीव काम बघताना मान दुखेपर्यंत वर बघत राहाल. पावागडावर जायचं तर रोपवेची रांग रविवारी भयंकर, मधल्या वारी जा. ऊन जानेवारीतही लागतं, पाणी जवळ ठेवा.

जाताना हायवेच्या थोडं आत एका गावात चहाला थांबलो. टपरीवाला बोलका. गावात काँक्रीटचा रस्ता चकाचक, ताईने कौतुक केलं तर म्हणाला आमचं गाव समरस आहे. गुजरातमध्ये 2001 पासून ही योजना, निवडणूक न घेता एकमताने सरपंच आणि सदस्य निवडले तर ग्रामपंचायतीला सरकारकडून जादा अनुदान. भांडणं नाहीत, खर्च नाही, गट-तट नाहीत. मी विचारलं, उभं राहायचं कुणाच्या मनात नव्हतंच का? चहा गाळता गाळता तो म्हणाला, "एक हता ने. समजावीने बेसाडी दीधो." समजावून खाली बसवला. कुणी समजावलं, ते विचारल्यावर त्याने नुसतं हसून कप पुढे केले.

याला गुजरातची गोष्ट म्हणून मी नावं ठेवणार नाही, आमच्याकडेही गाव बिनविरोध झालं की हारतुरे असतातच. आमच्याच जिल्ह्यात देवळा तालुक्यातल्या उमराण्यात तर सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं पुढे आलं, मंदिरासाठी दोन कोटींच्या वर बोली, आणि जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथली आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूकच रद्द केली. तेव्हा गावातल्या कित्येकांना खरंच प्रश्न पडला होता की यात चुकलं काय, पैसा देवाच्या कामाला चाललाय, भांडण टळतंय, सगळं गाव राजी आहे. मी वर्गात यावर चर्चा घेतली तेव्हा निम्मी मुलं लिलावाच्या बाजूने बोलली होती.

टांझानियाचा मुलगा हे सगळं फार लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने आपल्याकडचं सांगितलं. त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे म्हणायचे की आफ्रिकेत लोकशाही बाहेरून आणायची गरज नाही, गावातली वडीलधारी माणसं मोठ्या झाडाखाली बसतात आणि एकमत होईपर्यंत बोलतात. मग पक्ष कशाला दोन हवेत? म्हणून 1965 पासून कायद्यानेच एक पक्ष. पण निवडणूक व्हायची, आणि ती कशी तर एकाच पक्षाचे दोन उमेदवार एका मतदारसंघात समोरासमोर, एकाला चिन्ह कुदळ, दुसऱ्याला घर. 1965 च्या निवडणुकीत असे मंत्रीसुद्धा पडले होते. राष्ट्राध्यक्षपदाला मात्र एकच नाव, हो किंवा नाही. त्याच्या आजोबांनी आयुष्यभर कुदळ आणि घर यातच निवड केली आणि आपण लोकशाहीत राहतो याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

पुढचं ऐकून मी गाडीतच वही काढली. 1991 मध्ये त्यांच्याकडे एक आयोग नेमला, लोकांना विचारायला की अनेक पक्ष हवेत की एकच. सुमारे 80 टक्के लोकांनी सांगितलं एकच बरा. तरीही आयोगाने शिफारस केली अनेक पक्षांची, न्येरेरेंचाही तोपर्यंत त्याला पाठिंबा होता, 1992 मध्ये कायदा झाला आणि 1995 मध्ये बहुपक्षीय निवडणूक. म्हणजे बहुसंख्य लोक नको म्हणत असताना, उरलेल्या 20 टक्क्यांना तोंड उघडायला जागा हवी म्हणून दार उघडलं. हे लोकशाहीला धरून झालं की विरुद्ध झालं? पावागडच्या पायथ्यापासून बडोद्यापर्यंत आमचं यावरच चाललं होतं.

ताईने त्यात भर घातली. आशियाभर जे मोठे सर्व्हे होतात त्यात चीन, व्हिएतनामसारख्या एकपक्षीय देशांतले लोक आपला देश बऱ्यापैकी लोकशाही आहे असं सांगतात, आणि जपान-तैवानचे लोक, जिथे सरकारं मतपेटीतून बदलतात, ते आपल्या लोकशाहीवर जास्त नाराज असतात. पूर्व आशियात खूप जणांच्या मनात लोकशाही म्हणजे लोकांचं पोट भरणारं, नीट कारभार करणारं सरकार. मी म्हटलं म्हणजे आपले काका. ताई म्हणाली अगदी, बाबांना व्हिएतनाममध्ये करमेल.

मी सोसायटीच्या मीटिंगचं सांगितलं. त्यावर तो मुलगा म्हणाला, आमच्या गावात असतं तर त्या बाई बोलेपर्यंत कुणी उठलं नसतं. मग जरा थांबून स्वतःच म्हणाला, पण खरं सांगू का, त्या झाडाखाली बसायला माझ्या आजीला कुणी बोलावलंच नव्हतं. बायका आणि तरुण पोरं मागे उभी. एकमत व्हायचं ते बसलेल्यांचं. ताईला लगेच स्वित्झर्लंड आठवलं, आपेनझेल इनररोडन नावाचा तिथला छोटा प्रांत, दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळे नागरिक चौकात जमतात आणि हात वर करून कायदे मंजूर करतात, जगात कौतुक होतं त्याचं. त्या चौकातल्या पुरुषांनी 1990 च्या एप्रिलमध्येसुद्धा बायकांना मताचा हक्क द्यायला हात वर करून नकार दिला, शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरात कोर्टाने तो द्यायला लावला.

रात्री मावशीकडे जेवण. उंधियो, पुरी, जलेबी, आणि ज्वारीचा कोवळा पोंक शेव-साखर घालून. पोंक आपल्या हुरड्यासारखाच पण दाणे अगदी बारीक आणि मऊ, या दिवसांत गेलात तर सोडू नका. जेवताना काकांनी त्या मुलाला विचारलं राहतोस कुठे. तो म्हणाला आता होस्टेलला, आधी बाहेर खोली शोधत होतो. फोनवर खोली रिकामी असायची, दारात उभा राहिलो की भरलेली असायची. एका घरमालकाने सांगितलं, मला काही अडचण नाही पण सोसायटीचा नियम आहे. हे त्याने चिडून नाही सांगितलं, पुरीचा तुकडा मोडत सांगितलं. मावशीने त्याच्या ताटात आणखी उंधियो वाढला. काका बराच वेळ गप्प होते.

सोमवार

सकाळी कमाटीबाग. सयाजीबाग म्हणतात आता. थंडीत सात-साडेसातला जा, चालणारी, योगासनं करणारी अख्खी बडोदेकर मंडळी भेटतात. बागेच्या कडेने विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, पुलावरून बघा, काठावर उतरायचं धाडस करू नका. आतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा पूर्ण सांगाडा आहे, मुलं बरोबर असतील तर आधी तिकडे जा.

मी मात्र गेले होते आंबेडकरांसाठी. सयाजीरावांची स्कॉलरशिप घेऊन 1913 मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि करारानुसार 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले. पुढची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, दीड रुपया रोज, वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानात एकटे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिन्यावरून वर आले, संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. मग एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राकडे विचारलं, दोघांकडेही जमेना. मुंबईची गाडी रात्रीची, तोपर्यंतचे तास या बागेत काढले. आता ती संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, 23 सप्टेंबरला लांबून लांबून लोक येतात. सोमवारी सकाळी तिथे गर्दी नव्हती, एक तरुण जोडपं लहान बाळाला घेऊन आलं होतं, बापाने बाळाचे हात जोडून दिले.

काका आमच्याबरोबर होते. आणि मला जे शुक्रवारपासून सांगायचं होतं ते इथे सांगता आलं. म्हटलं काका, बघा, सयाजीरावांसारखा राजा. शिक्षण दिलं, अमेरिकेला पाठवलं, नोकरी दिली, अस्पृश्यांच्या शाळा काढल्या. राजाने जे द्यायचं ते सगळं दिलं. पण या शहरात एक खोली नाही देऊ शकले. कारण खोली राजाच्या हातात नव्हती, शेजाऱ्यांच्या हातात होती. कोलंबियात आंबेडकरांना जॉन ड्युई हे अमेरिकन तत्त्वज्ञ शिकवायला होते, लोकशाही ही नुसती सरकार चालवायची रीत नाही तर माणसांनी एकमेकांबरोबर जगायची रीत आहे हे ड्युईंचं म्हणणं, आणि आंबेडकरांनी ते 1936 मध्ये लाहोरसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात आपल्या जातींसमोर आणून ठेवलं. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेतही तेच सांगितलं, राजकारणात समता येईल, प्रत्येकाला एक मत मिळेल, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमता तशीच राहील, हा विसंगतीचा संसार फार दिवस चालणार नाही. मला ड्युई पुस्तकात वाचून जितके कळले नव्हते तितके त्या पार्किंगमधल्या खांद्यापर्यंत गेलेल्या हाताने कळले.

काका म्हणाले, मग मतदानच ठेवा ना, चिठ्ठ्या टाकून. म्हटलं ठेवाच, तिथे काकूंनी चिठ्ठी टाकली असती तर निदान सर्वानुमते लिहिता आलं नसतं. पण ठराव तरीही पास झाला असता, बाकीचे सगळे एका बाजूला. कुणी कुठे राहायचं हे हात मोजून ठरवायची गोष्टच नाही, एवढं पटणारी दोन-चार माणसं आधी त्या खुर्च्यांवर हवीत.

"म्हणजे मी," काका म्हणाले.

मी काही बोलले नाही. आई मात्र पटकन म्हणाली, "हो, तुम्हीच. तुमचं ऐकतात तिथे."

दुपारी कीर्ती मंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघितली, मीराबाईच्या भिंतीपाशी आई हलायला तयार नव्हती. बघायला जाणार असाल तर उजेड असताना जा, आत दिवे कमी आहेत.

बसला सोडायला काका आले. पिशवीत चेवडा, भाकरवडी, आईसाठी हिरव्या लसणाची जुडी. बस लागेपर्यंत परत तेच सुरू. "तुझं सगळं मान्य, पण उद्या नळाला पाणी नाही आलं तर हे शेजारी-बिजारी काय कामाचे? पाणी तर वरूनच यायला हवं." मी म्हटलं काका, महापालिकेच्या ऑफिसात एकटे गेलात तर दार उघडत नाही असं तुम्हीच शुक्रवारी म्हणालात, मग तळमजल्याच्या काकूंना, सिंधी घरांना आणि त्या नर्सिंगच्या मुलींनासुद्धा घेऊन जा, बिल्डिंगमध्ये राहणारे सगळे पाणी पितात. काका म्हणाले मुली अजून राहायला आल्या नाहीत. ठराव बदलायला पुढची मीटिंग कधी, विचारलं तर म्हणाले होळीच्या आधी असते एक.

मावशीचा कालच फोन होता. मीटिंग बावीस फेब्रुवारीला आहे, विषयपत्रिकेत काकांनी भाड्याचा ठराव फेरविचारासाठी द्यायला लावलाय, सेक्रेटरी नाराज आहे, आणि काकूंनी बोलणार की नाही ते अजून सांगितलेलं नाही.